डब्याची मागची बाजू

टर्बोच्या इंजिनात कुठलं ऑइल घालायचं, हे मला चऱ्होलीतल्या मिस्त्रीकाकांनी शिकवलं. पुढे डिप्लोमा झाला, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणीवर लागलो, तिथे ढीगभर तक्ते आणि आलेख वाचले. पण त्या आलेखांतलं इंजिन मला आधीच ओळखीचं होतं, ते काकांमुळे. त्यांचं नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, म्हणून लिहीत नाही. ऋण मात्र लिहून ठेवायलाच हवं.

चऱ्होली बुद्रुकातून आळंदीकडे जाताना रस्त्याकडेला त्यांचं गॅरेज होतं. वर पत्रे, खाली एक खड्डा, भिंतीला टांगलेले पाने. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, तरी बरीच वर्षं आजूबाजूला शेतंच होती. गाड्या मात्र वाढत गेल्या. चाकणला कास्टिंग पोचवणारे टेम्पो, कामगारांच्या बस, मरकळ रोडचे टँकर. आषाढी वारीत माउलींची पालखी वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी विसावते, तेव्हा काका गॅरेज बंद करून पाना-पकड घेऊन रस्त्यावर उभे असत. दिंडीच्या ट्रकला त्यांनी कधी मजुरी लावली नाही.

वडिलांचा टेम्पो त्यांच्याचकडे असायचा. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. शाळा सुटून मी तिथे पोचलो की ते ऑइलचा नवा डबा माझ्यापुढे ठेवायचे. "पुढचं चित्र सोड. मागं फिरव आणि बारीक लिहिलंय ते वाच." मी अक्षरं लावत वाचायचो : एपीआय सीआय-४, एसएई १५डब्ल्यू-४०. मग गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातलं ऑइलचं पान माझ्याकडूनच शोधून घ्यायचे. दोन्ही जुळलं तरच सील तुटायचं, नाहीतर डबा दुकानात परत. ड्रममधून मापाने मिळणारं खुलं ऑइल त्यांनी दारात येऊ दिलं नाही. गिऱ्हाईक किमतीवरून कुरकुरलं तरी त्यांचा आवाज चढत नसे. "टर्बोची किंमत विचारून ये, मग बोलू," एवढंच.

एकदा त्यांनी मला उघडलेला टर्बो दाखवला. एका बाजूला धुराड्याच्या गॅसवर फिरणारं चाक, दुसऱ्या बाजूला इंजिनात हवा कोंबणारं चाक, आणि दोघांना जोडणारा पेन्सिलीएवढा शाफ्ट. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये वाया जाणाऱ्या धुराची ही ताकद वापरायची कल्पना पेटंट केली, हे मी फार नंतर वाचलं. त्या दिवशी काकांनी शाफ्ट माझ्या बोटांत देऊन हलवायला लावला. तो खडखडत होता. बुशला ऑइल पोचवणाऱ्या भोकात काळी खपली घट्ट बसली होती. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती खरवडत ते म्हणाले, "हे ऑइलच आहे. जळालंय."

मोटारीचा लहान टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात शाफ्ट बुशला टेकतच नाही, मधल्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तेच ऑइल तिथली उष्णताही वाहून नेतं. हायवेवर ओझं ओढून आलेली गाडी ड्रायव्हरने थांबताक्षणी बंद केली, की पंप थांबतो, ऑइल जागच्या जागी अडकतं आणि तापलेल्या धातूवर करपतं. म्हणून बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं. सिंथेटिक ऑइल ही उष्णता जास्त सोसतं, खपली कमी धरतं. टर्बोसाठी दोन पैसे जास्त मोजावेत ते इथे, हे माझं आजही ठाम मत आहे.

"जाड ऑइल टाका, इंजिन टिकतं," असं सांगत येणारे पुष्कळ. काका ऐकून घेत आणि पुस्तकातलंच घालत. ऑइल गरजेपेक्षा जाड असेल तर सकाळी गाडी सुरू केल्यावर ते टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, आणि तेवढ्या वेळात बुश घासतो. डब्ल्यूआधीचा आकडा थंड इंजिनातल्या वाहतेपणाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. पुण्याच्या थंडीत पाच आणि पंधरामधला फरक युरोपाइतका जाणवत नाही. पण कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलं असेल, तर त्या इंजिनाच्या फटी आणि पंप तसेच बेतलेले असतात.

नोकरीत नवं कळलं की रविवारी जाऊन काकांना सांगायचं, ही माझी सवय झाली. लहान टर्बो पेट्रोल इंजिन कमी फेऱ्यांवर जोर लावत असताना कधीकधी ठिणगीआधीच पेट घेतं, आणि त्यात ऑइलच्या थेंबांचा हात असतो. पिस्टन फुटण्यापर्यंत मजल जाते. ऑइलमधलं कॅल्शियम घटवून काही काम मॅग्नेशियमकडे दिलं की हा धोका बराच कमी होतो. त्यासाठी २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही एपीआयची प्रतवारी आली. काकांनी ती दोन अक्षरं माझ्याकडून खडूने भिंतीवर लिहून घेतली.

एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारा फिल्टर लागला. त्यानंतर काकांनी मला पहिल्यांदा स्वतःहून बोलावणं धाडलं. एका पिकअपच्या पट्टीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढत होतं. मालक खूश होता. काकांनी पट्टीवरचा थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि माझ्यापुढे बोट धरलं. डिझेल.

मी जमिनीवर बसून त्यांना समजावलं. फिल्टर भरला की इंजिन जादा डिझेल सोडून धूर तापवतं आणि काजळी जाळतं. गाडी मोशी-भोसरीतच घुटमळत राहिली, तर हे काम दर वेळी अर्ध्यावर तुटतं आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, टर्बोच्या बुशमधला थर फाटतो. शिवाय काजळी जळते, पण ऑइलमधल्या धातूंची राख फिल्टरमध्ये कायमची साठते, म्हणून इथे कमी राखेचंच ऑइल लागतं. जुनं सीआय-४ चालत नाही.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं घातलं ते इथे बाद?"

"या गाडीत बाद, काका."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग पोराला दुकानात पिटाळलं आणि मालकाला म्हणाले, "ऑइल आणि ऑइलचा फिल्टर दोन्ही आज बदलतो. उद्या पहाटे, चाकणला गर्दी व्हायच्या आत, मंचरपर्यंत जाऊन या. मध्ये चहाला थांबलात तरी इंजिन बंद करू नका."