आधी पान, मग फूल

कुंपणाची भिंत आणि घराकडे येणारी वाट यांच्या मधे चार फूट रुंदीचा पट्टा आहे. तोंड पूर्वेला. सकाळपासून बारा-साडेबारापर्यंत स्वच्छ ऊन, मग शेजारच्या इमारतीची सावली. गुलाबाला रोज पाच-सहा तास ऊन मिळालं तर पुरतं, आणि गडद लाल गुलाबाला पुण्यात दुपारची सावली मानवतेच. तो रंग उष्णता शोषतो. मार्च-एप्रिलमध्ये बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा दुपारपर्यंत काळ्या पडतात. जागा लहान म्हणून हळहळण्याआधी ऊन कुठून येतं आणि किती वाजता जातं ते बघावं.

*

इथली काळी माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना हवा लागते. म्हणून वाफा वीतभर उंच केला. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी जाड वाळू, मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असलं की त्याच्याबरोबर हुमणी येते आणि मुळं कुरतडते. दोन झाडांत अडीच फुटांचं अंतर ठेवावं. मधे वारा खेळला नाही तर पानं लवकर सुकत नाहीत आणि रोग वस्तीला येतो.

*

लावायचा ठरवला तो ‘पापा मेयाँ’. फ्रान्सच्या अलँ मेयाँ यांनी 1963 मध्ये आणलेला, आजोबा आंत्वान यांच्या नावाचा गुलाब. कळी जवळजवळ काळी, उमललं की मखमली किरमिजी, आणि वास असा की वाटेवरून जाणारा थबकतो. ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालरँ’ ही त्याची आईबापं. याच जोडीतून अमेरिकेत 1964 मध्ये ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ झाले. तिन्ही भावंडं लाल, तिन्ही सुवासिक, तरी तिघांची ठेवण वेगळी. लिंकनचे दांडे लांब आणि झाड दणकट. पापा देखणा, पण भुरीला चटकन बळी पडणारा. गुलाबाचं प्रत्येक बी नवं झाड देतं, आईबापांची नक्कल देत नाही. म्हणून मनासारखी जात मिळाली की ती डोळा भरूनच वाढवायची.

*

नर्सरीतल्या मामांनी डोळा भरून दाखवला. रानगुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घेतला आणि चाकूच्या पाठीने साल दोन्हीकडून अलगद उचलली. आतला गाभा ओला, पांढुरका, चकचकीत. पापाच्या फांदीवरून ढालीच्या आकाराची साल डोळ्यासकट काढली आणि त्या फटीत वरून खाली सरकवली. मग प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळलं. डोळा तेवढा उघडा ठेवला. तीनेक आठवड्यांत जमलं की नाही ते कळतं: डोळा हिरवा राहिला तर जमलं, काळा पडला तर गेलं.

निघताना मामा म्हणाले, “ताई, हा जोड मातीत गाडू नका. वर दिसता ठेवा. आणि खालून फूट आली तर कापायची नाही, बुडापासून ओढून उपटायची. कापलीत तर एकीच्या चार होतील.”

खुंटाची फूट जोमदार असते, लवकर वाढते, म्हणून नवख्या माणसाला तीच आवडते. पण ती झाडाचा सगळा जोर ओढून घेते आणि वर्ष-दोन वर्षांत कलम मरतं. फूट जोडाच्या खालून आहे की वरून, एवढंच वाकून बघायचं.

*

पहिल्या वर्षी फुलं आखूड दांड्याचीच काढते. लांब दांडा कापला की त्याच्याबरोबर पाच-सहा पानं जातात, आणि अन्न पानं करतात. पाकळ्यांसाठी लागणारं सगळं तिथूनच येतं. फूल कोमेजलं की खाली पाच पर्णिकांचं पहिलं पान शोधायचं, त्याच्या बेचक्यातला डोळा बाहेरच्या बाजूला आहे ना ते बघायचं आणि त्याच्या किंचित वर कापायचं.

मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. तळेगावच्या परिसरातून व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जाणाऱ्या लाल गुलाबांचे सरळ, लांब दांडे सगळ्यांना दिसतात. बुडाशी वाकवून ठेवलेल्या फांद्या कोणी बघत नाही. बारीक, कमजोर फांद्या ते छाटत नाहीत, कमरेत मोडल्यासारख्या वाकवून तशाच ठेवतात. याला तिथे बेंडिंग म्हणतात. त्या फांद्यांना फूल नसतं, फक्त पानं असतात, आणि वरच्या दांड्यांना पोसायचं काम त्या करतात. एका शेतकऱ्याकडे हे पाहिल्यापासून घरच्या झाडाची कुठलीही निरोगी फांदी उगाच कापवत नाही.

*

नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं की ते लोहाचं दुखणं. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या जमिनीत मुळांना ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह दिलं की नवी फूट हिरवी येते. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, हे आधी पाहावं. मग खताच्या दुकानात जावं.

*

काळे ठिपके आणि भुरी या दोन्ही बुरशा, पण स्वभाव उलटे. काळ्या ठिपक्यांना पान कित्येक तास ओलं लागतं, म्हणून तो रोग पावसाळ्यात. भुरीला ओलं पान नकोच असतं. तिच्या बिजाणूंना साचलेलं पाणी मारक ठरतं. दिवसा उबदार, रात्री गार आणि दमट हवा तिला लागते, म्हणून ती थंडीत, नेमकी फुलांच्या हंगामात. पापाचे कोवळे शेंडे पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे दिसू लागले की त्याच दिवशी पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम फवारते. भर उन्हाळ्यात गंधक वापरत नाही, पानं करपतात.

उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पान उलटं केलं की मागे बारीक जाळी आणि सुईच्या टोकाएवढे हलणारे ठिपके. सकाळी नळीने पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारलं तर बहुतेक वेळा औषधाची गरज पडत नाही.

*

छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस पुरता थांबला की. मेलेल्या, किडक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. उरलेल्या चार-पाच दणकट फांद्या एक तृतीयांशाने कमी करायच्या. कात्रीला धार हवी. चेचलेल्या टोकातूनच डायबॅक शिरतो आणि फांदी वरून खाली काळी पडत जाते. कापल्या जागी लगेच बोर्डो पेस्ट: मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी एक लिटर. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं चालत नाही.

त्यानंतर जी फूट येते ती हिरवी नसते. तांबूस जांभळी, तुकतुकीत, काटेसुद्धा मऊ आणि लाल. आठवडाभरात ती ब्राँझच्या छटेवर येते, मग हिरवी होते. पाकळ्या रंगवणारी अँथोसायनिनं आधी या कोवळ्या पानांत दिसतात. फूल यायला छाटणीपासून सहा-सात आठवडे लागतात.

*

लाल गुलाब जुना झाला की निळसर का पडतो? त्याचा लाल रंग सायनिन या द्रव्याचा. पाकळी म्हातारी होते तसा पेशीतल्या रसाचा आम्लपणा कमी होतो आणि तेच द्रव्य जांभळ्याकडे झुकतं. 1960 चा ‘सुपर स्टार’ शेंदरी आहे, कारण त्याच्यात पेलार्गोनिडिन हे वेगळं द्रव्य आहे. पापाचं फूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडांना जांभळट झालं म्हणजे काही बिघडलेलं नसतं.

*

दुकानातल्या लाल गुलाबाला वास का नाही, हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. दूरच्या प्रवासात आणि फुलदाणीत टिकण्यासाठी ज्या जाती निवडल्या गेल्या त्यांत वास मागे पडला. 2015 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी सुवासिक ‘पापा मेयाँ’ आणि बिनवासाचा ‘रूज मेयाँ’ शेजारी ठेवून तपासले. न्युडिक्स-1 नावाचं एक विकर पापाच्या पाकळ्यांत भरपूर होतं, रूजमध्ये जवळजवळ नव्हतं. जिरॅनिऑल हे गुलाबाच्या वासातलं मुख्य द्रव्य तयार होण्यात या विकराचा हात असतो. तेव्हा लाल गुलाब घेताना पाटी वाचण्याआधी फूल हुंगावं, आणि खरेदी डिसेंबर-जानेवारीत, झाड फुललेलं असताना करावी.

*

भारतात गुलाबाच्या जाती घडवणाऱ्यांत बी. पी. पाल हे मोठं नाव. ते मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेऱ्याला दाद न देणारे गहू तयार करण्यात त्यांनी आयुष्य घातलं आणि तितक्याच आस्थेने गुलाब वाढवले. ‘द रोझ इन इंडिया’ हे त्यांचं पुस्तक 1966 चं. तांबेरा हा पानांवर, देठांवर येणारा रोग. पानाची किंमत जाणणाऱ्या माणसाने गुलाबावर लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

*

मे महिन्यात कळी दिसली की खुडून टाकते. त्या उन्हात फूल खुरटं येतं, एका दिवसात गळतं आणि झाडाचं अन्न तेवढं खाऊन जातं. बुडाशी वाळक्या पानांचं जाड आच्छादन घालायचं, पाणी सकाळी आणि मुळाशी द्यायचं, पानं जपायची. जूनमध्ये शेणखत, जुलै-ऑगस्टमध्ये गळलेली ठिपकेवाली पानं रोज वेचून घराबाहेर. हे चार महिने बागेत दाखवण्यासारखं काही नसतं. पण जे झाड हिरवंगार होऊन दसऱ्यापर्यंत पोचतं, डिसेंबरातली मोठी फुलं त्यालाच येतात.