सतरा चातुर्मास

आपल्यात दशलक्षणाचे दहा उपवास कुणी केले की केवढं कौतुक होतं! मिरवणूक निघते, पारण्याला सगळा समाज लोटतो. व्हायलाच हवं. पण त्या बाईला एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, पारणं कधी आहे ते. ज्या तपाच्या पारण्याची तिथीच ठरलेली नाही, ते कसं करायचं?

याचं उत्तर मला एका इंग्रजी बँडनं दिलं, असं म्हटलं तर आमच्या मंडळातल्या बायका हसतील. हसू देत.

बँडचं नाव 'पल्प'. गाव शेफिल्ड, इंग्लंडातलं पोलादाचं, चाकू-सुऱ्यांचं गाव. 1978 मध्ये जार्व्हिस कॉकर नावाच्या पंधराएक वर्षांच्या शाळकरी पोरानं मित्र जमवून तो काढला. 1981 मध्ये बीबीसी रेडिओवर जॉन पील यांनी त्यांना वाजवायला बोलावलं. पोरांना वाटलं, झालं, आता नाव निघालं! कुठलं काय. मित्र पुढच्या शिक्षणाला निघून गेले. 1983 मध्ये पहिला अल्बम आला, तो फारसा कुणी घेतला नाही. गावातले कारखाने बंद पडत होते. बेकारभत्त्यावर दिवस काढायचे आणि छोट्या हॉलमधून वाजवायचं. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून गाणाऱ्यांना तिकडं 'इंडी' म्हणतात. ऐकायला छान वाटतं, पण त्यातली ओढाताण ज्याची त्यालाच माहीत. 1985 मध्ये एका मुलीवर छाप पाडायला कॉकर खिडकीबाहेर लोंबकळला आणि पडला. हाडं मोडली, तर काही दिवस चाकांच्या खुर्चीत बसून कार्यक्रम केले! वेडेपणाच म्हणायचा, पण कार्यक्रम सोडले नाहीत.

अशी सतरा वर्षं गेली. आपल्या भाषेत सतरा चातुर्मास.

मग 1995. मे महिन्यात त्यांचं 'कॉमन पीपल' हे गाणं आलं. गरिबी म्हणजे गंमत समजून चार दिवस ती चाखायला निघालेल्या श्रीमंत मुलीवरचं ते गाणं. बापाला एक फोन केला की जिची सुटका होईल, तिला गरिबी कशी कळावी, हा त्यातला सवाल. गाणं तिकडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. जूनमध्ये ग्लास्टनबरीच्या मोठ्या जत्रेत 'स्टोन रोझेस' हा नामांकित बँड येणार होता. त्यांचा गिटारवाला सायकलवरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं. ऐनवेळी जागा पल्पला मिळाली. शेवटी महिनाभरापूर्वी आलेलं ते गाणं सुरू झालं आणि समोरची सगळी गर्दी त्यांच्याबरोबर गाऊ लागली. ते पारणं! त्याच वर्षीच्या 'डिफरंट क्लास' अल्बमला पुढच्या वर्षी मर्क्युरी पुरस्कार मिळाला, त्याची रक्कम त्यांनी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी देऊन टाकली. दान कुठलंही असो, आपण हात जोडावेत.

मला मात्र त्या गर्दीपेक्षा पेटीमागची बाई जास्त दिसते. कँडिडा डॉयल. 1984 पासून ती बँडमध्ये की-बोर्ड वाजवते. सोळाव्या वर्षी तिला संधिवात झाला, बोटांच्या सांध्यांचा घास घेणारा. ज्या दुखण्यात बोटं वापरावीशी वाटत नाहीत, त्याच बोटांनी तिनं चाळीस वर्षं वाजवलं.

मंडळात पेटी मी वाजवते, म्हणून हे मला लागलं. पावसाळ्यात सकाळी माझी बोटं वळत नाहीत. 'काकी, आता बसा की निवांत, मोबाइलवर ट्रॅक लावू,' असं पोरी प्रेमानंच म्हणतात. ट्रॅक कधी चुकत नाही, हे खरं. पण गाणारी मध्येच दमली, की तो तिच्यासाठी थांबतही नाही.

पल्प 2002 नंतर थांबला, 2011 मध्ये परत उभा राहिला, पुन्हा थांबला. 2023 मध्ये त्यांचा बासवादक स्टीव्ह मॅकी वारला. उरलेल्यांनी 2025 मध्ये नवा अल्बम काढला आणि त्याला अर्पण केला. त्या जूनमध्ये ते 'पॅचवर्क' असं खोटं नाव लावून ग्लास्टनबरीच्या मंचावर आले, बरोबर तीस वर्षांनी. साठी ओलांडलेली कँडिडा तिथंही पेटीमागं होतीच.

तिच्या धर्मात त्याला तप म्हणत नसतील. मी म्हणते. आणि येत्या रविवारी बस्तीत भजन आहे. बोटं गरम पाण्यात शेकून मी पेटीवर बसणार आहे. मंडळातल्या पोरींनी तेवढी पट्टी जरा खालची धरावी.