शब्बाथ सुटल्यावरची मालिका

जपानी ॲनिमे मालिकांचे वर्षाला चार हंगाम असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत नव्या मालिका सुरू होतात आणि आठवड्याला एक भाग याप्रमाणे बारा-तेरा आठवडे चालतात. काही मालिका सलग दोन हंगाम घेतात. २०२३ च्या ऑक्टोबरचा हंगाम सिडनीतल्या एका बेने इस्राएल घरात आजी आणि नातवाने मिळून पाहिला. जपानात तेव्हा पानगळ होती, इथे वसंत.

त्या हंगामातली गाजलेली मालिका 'फ्रीरेन'. तिचे पहिले चार भाग जपानी दूरचित्रवाणीवर २९ सप्टेंबरला एकदम दाखवले गेले. तो शुक्रवार होता आणि त्याच संध्याकाळी सुक्कोथ लागला. पुढचे भागही शुक्रवारी रात्रीच येत. त्यामुळे घरात नियम ठरला: शब्बाथ सुटला की मग मालिका, आणि तोवर मित्रांचे निरोप वाचायचे नाहीत, नाहीतर गोष्ट आधीच फुटते.

फ्रीरेन ही हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगारीण. तीन सोबत्यांबरोबर दहा वर्षे फिरून तिने राक्षसांच्या राजाला हरवले. तिच्या आयुष्यात दहा वर्षे म्हणजे काहीच नव्हे. पन्नास वर्षांनी ती परत येते, तेव्हा नायक हिम्मेल म्हातारा झालेला असतो, आणि थोड्याच दिवसांत तो जातो. त्याच्या अंत्ययात्रेत तिला रडू येते: बरोबर असताना त्याला जाणून घेतलेच नाही.

संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरे, आणि ती भरभर पळणारी. आजीला वाचणे जमेना. मग नातू थांबवून मराठीत सांगू लागला. 'राक्षस' आणि 'जादू' हे शब्द त्याच्याजवळ होते, पण फ्रीरेनच्या रडण्यापाशी तो अडला.

"आजी, तिला नंतर वाईट वाटतं. आधी करायला हवं होतं, असं."

"त्याला हळहळ म्हणतात रे."

"पश्चात्ताप नाही?"

"वाईट काही केलं तर पश्चात्ताप. तो किप्पूरला करतात. चांगलं करायचं राहून गेलं, तर हळहळ."

आजीला सगळ्यात आवडला तो हायटर. हा म्हातारा धर्मगुरू फेर्न नावाच्या अनाथ मुलीला वाढवतो. आपल्यामागे तिने स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढीच त्याची इच्छा. फ्रीरेनला त्याने सरळ विचारले तेव्हा तिने मुलीला शिष्या करायला नकार दिला. मग त्याने तिला एक अवघड ग्रंथ उलगडायला दिला आणि तेवढ्या काळात मुलीला शिकव म्हटले. आजी म्हणाली, "म्हातारा हुशार आहे."

पुढे जादूगारांच्या परीक्षेचे भाग आले. नातवाला ते फार आवडले. आजी कंटाळली, एवढी नवी माणसे, नावे कुणाकुणाची लक्षात ठेवायची? त्याच हंगामातली औषधे जाणणाऱ्या माओमाओची मालिका मात्र तिला पटली. राजवाड्यातली बाळे आजारी पडतात ती शापाने नव्हे, तर तोंडाला लावायच्या विषारी पांढऱ्या पावडरीने, हे ती मुलगी ओळखते. आजीने मान डोलावली.

अशी रीत समाजाला नवी नाही. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल कीर्तने सुरू झाली. ज्यांना हिब्रू समजत नसे, त्यांना कीर्तनकार अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठीत गाऊन आणि सांगून ऐकवत. त्या शनिवारी रात्रींत नातू तेच काम करत होता. फक्त गोष्ट जपानची होती, आणि अडलेला शब्द ऐकणारीच पुरवत होती.

मालिकेत हिम्मेल गावोगावी स्वतःचे पुतळे उभारून घेतो. लोक हसतात. कारण विचारल्यावर तो सांगतो की पुढच्या काळात फ्रीरेन एकटी पडू नये. तो भाग पाहून आजी नवगावच्या स्मारकाविषयी बोलू लागली: अलिबागजवळचा तो किनारा, जिथे गलबत फुटून पूर्वज उतरले असे समाजात सांगतात. नातवाने विचारले, "आजी, आपलं आडनाव ज्या गावावरून पडलं, ते गाव तू पाहिलंयस?"

"पाहिलंय तर. पुढचा भाग राहू दे आज. ऐक."