पडद्यावरचा हात

शाळेतले नकाशे मेणकापडी असत, वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकलेले. एरवी ते कपाटामागे गुंडाळून उभे असायचे. भूगोलाच्या तासाला ते फळ्यावरच्या खिळ्याला टांगायचे, हा मॉनिटरचा मान. पण बाई खरं शिकवायच्या ते खडूनं. आधी सह्याद्रीची रेघ, मग तिच्यातून पूर्वेला निघालेल्या गोदावरी, भीमा, कृष्णा. नदी पुढं सरकेल तसतशी आमची पेन्सिल सरकायची.

कॉलेजात स्लाईड प्रोजेक्टर भेटला. गोल ट्रेमध्ये ऐंशी स्लाईड्स मावत. स्लाईड आठ प्रकारे बसवता येते आणि त्यातला एकच बरोबर, त्यामुळे अजिंठ्याचा बोधिसत्त्व हमखास डोक्यावर उभा राहायचा. शिवाय अंधार. अंधारात शेवटच्या बाकावर काय चालतं, ते सांगायला नको.

मी शिकवायला लागलो तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे ओएचपी, आला होता, आणि माझं मन अजून त्याच्यावरच आहे. खालून दिवा, वर तिरपा आरसा. दिवे चालू ठेवून, वर्गाकडे तोंड करून बोलता यायचं. ट्रान्स्परन्सीच्या पारदर्शक फिल्मवर कोरा कागद ठेवायचा आणि एकेक ओळ उघडत जायचं. रेघ मारताना आपला हात पडद्यावर हातभर मोठा दिसे, बोटाला लागलेल्या शाईसकट. बल्ब मात्र नेमका तपासणी समिती समोर असतानाच जायचा.

पॉवरपॉइंट 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं, तेही काळं-पांढरं, आणि मुख्यतः याच ट्रान्स्परन्सी छापून काढण्यासाठी. पुढं त्यानं भस्मासुरासारखा ओएचपीच्याच डोक्यावर हात ठेवला. कोडॅकनं 2004 मध्ये स्लाईड प्रोजेक्टर बनवणंही थांबवलं.

आता सगळं आधीच तयार असतं. वक्ता पहिलं वाक्य उच्चारेपर्यंत सभागृहानं सहा मुद्दे वाचून टाकलेले असतात. मग तो तेच पुन्हा वाचून दाखवतो, बहुधा आपल्याकडे पाठ करून. रंग, आलेख, व्हिडिओ, कशालाच माझी ना नाही. पण विचार घडताना दिसत नाही, घडून गेलेला दिसतो.

व्याख्यानाला बोलावणारे विषयाच्या आधी विचारतात, ‘सर, पीपीटी आहे ना?’ असते. फक्त मधेच मी कीबोर्डवरचं ‘बी’ दाबतो आणि पडदा काळा होतो. वायर निघाली समजून एखादा कार्यकर्ता धावत येतो. त्याला खुणेनंच बसायला सांगायचं आणि बोलत राहायचं.