चाळिशीतल्या तारा

तारा लावल्यावर दात दुखणार, याची तयारी मी केली होती. हिरड्यांचं काही मनातच आलं नव्हतं. चाळिशीनंतर खालचे पुढचे दात एकमेकांवर चढायला लागले, म्हणून ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेले, तर त्यांनी तारेचं नावच काढलं नाही. खुणांची बारीक सळई हिरडीच्या कडेनं घालत दाताभोवतीची खोली मोजली, एक्स-रे काढला आणि आधी कीटण काढून या म्हणाले. दात सरळ करायला आलेल्या बाईच्या हिरड्या कशाला मोजायच्या?

"दात हाडातून सरकतो," डॉक्टर म्हणाले. "दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं, मागे नवं भरत येतं. हिरडीचा आजार चालू असताना दात ओढले, तर गेलेलं हाड परत येईलच असं नाही." हाड विरघळतं हे ऐकून खुर्चीतून उठून जावंसं वाटलं.

यथावकाश ब्रॅकेट चिकटले, तार ओवली, रबरं चढली. त्या रात्री मेथीची भाजी खाल्ली आणि आरशात पाहिलं, तर प्रत्येक ब्रॅकेटला हिरवी झालर. ब्रश तारेवरून नुसता घसरत होता. काही आठवड्यांत दातांमधल्या हिरड्या लालसर, फुगीर झाल्या आणि चूळ गुलाबी येऊ लागली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तार टोचत असणार. तिथे ब्रश नको लावूस, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर." कारण पटण्यासारखं होतं. डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं : रक्त येतं तिथेच ब्रश हवा.

त्यांनी दातांना एक रंग लावला. ताजा थर गुलाबी दिसला, जुना जांभळा. आणि जांभळा सगळा ब्रॅकेट आणि हिरडी यांच्या मधल्या अरुंद पट्टीत. माणसाच्या तोंडात जंतूंच्या सुमारे 700 जाती आढळल्या आहेत. तार त्यांना बाहेरून आणत नाही. जीभ, लाळ आणि ब्रश पोचणार नाही असा आडोसा मात्र देते. ब्रॅकेटभोवती साखरेचं आम्ल करणारे स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स वाढतात. हिरडीच्या फटीत थर जाड झाला की आत हवा पोचत नाही आणि पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या, प्राणवायू नको असलेल्या जंतूंचं फावतं. त्यांच्याशी झुंजताना हिरडी सुजते, ब्रॅकेटवर चढते. त्यानं फट आणखी खोल होते, जंतूंना आणखी जागा मिळते. रक्त या सुजेचं होतं.

हे तारेशिवायही होतं. 1965 साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या; घासणं सुरू केल्यावर बऱ्याही झाल्या. हे वाचून मला धीर आला. त्या लोकांच्या तोंडात तर एकही ब्रॅकेट नव्हता!

दाताच्या बाहेरच्या कवचाला मात्र असं पूर्ववत होणं जमत नाही. आम्लता वाढून पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की त्यातला खनिजांश झिरपू लागतो. ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग महिनाभरातही उमटू शकतात आणि तारा निघाल्यावर ते फिके झाले तरी बहुधा पुरते जात नाहीत. त्यामुळे चहाबरोबर दिवसभर एकेक बिस्किट तोंडात टाकणं बंद झालं.

आता ब्रश हिरडीकडे तिरका धरून आधी तारेच्या वर, मग खाली फिरवते. बाटली धुवायच्या ब्रशची चिमुकली प्रत असावी तसा इंटरडेंटल ब्रश तारेखालून प्रत्येक फटीत घालते. फ्लोराइडची पेस्ट थुंकते, पण वर खळखळून चूळ भरत नाही. क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, कारण त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात. सुरुवातीला रक्त येतच होतं आणि हात थांबत होता. हळूहळू ते कमी झालं, हिरड्यांची टोकं पुन्हा अणकुचीदार दिसू लागली.

तपासणीला गेले की दात किती सरकले, याआधी मी हिरड्यांचं विचारते. डॉक्टर हसून म्हणतात, "दात सरकवणं माझं काम, हिरड्या राखणं तुमचं." त्यांचं काम महिन्यातून एकदाच असतं, हे ते सांगत नाहीत.