झाकण लावून पारखावा कॅमेरा

बोनस हातात पडला की खगोलप्रेमी मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: आकाशाचे फोटो काढायला परवडेल असा कॅमेरा कोणता? उत्तर देण्याआधी मी त्यांना उलट विचारतो, तुम्हाला ग्रह टिपायचेत की तेजोमेघ आणि दीर्घिका? या दोन कामांना लागणारे कॅमेरे इतके वेगळे असतात की एकाच्या भरवशावर दुसरं करायला गेलं तर पैसेही जातात आणि हौसही.

गुरू आपल्या सर्वांत जवळ येतो तेव्हाही त्याचं बिंब जेमतेम 50 विकलांचं असतं. 1200 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा पाव मिलिमीटरच्या आसपास पडते. तेवढ्यासाठी मोठा सेन्सर कशाला हवा? झेडडब्ल्यूओच्या एएसआय 120 सारखा छोटा यूएसबी कॅमेरा इथे पुरतो. त्याचे पिक्सेल फक्त 1280 बाय 960 आहेत, पण तो लॅपटॉपवर भराभर हजारो फ्रेम ओततो. वातावरण सतत थरथरत असतं. हवा क्षणभर थांबली तेव्हाच्या मोजक्या फ्रेम वेचून एकमेकींवर रचायचं काम ऑटोस्टॅकर्टसारखं फुकट सॉफ्टवेअर करतं.

देवयानी दीर्घिकेचं प्रकरण अगदी उलटं. ती आकाशात सुमारे 3 अंश पसरलेली आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट रुंद, आणि प्रकाश मात्र अतिशय मंद. तिला मोठा सेन्सर आणि लांब एक्स्पोजर लागतं. कमी पैशांत मोठा सेन्सर हवा असेल तर माझं उत्तर गेली अनेक वर्षं बदललेलं नाही: जुना, वापरलेला डीएसएलआर. लग्नाचे आणि समारंभांचे फोटो काढणाऱ्यांनी मिररलेसची वाट धरल्यापासून बाजारात असे कॅमेरे भरपूर आहेत. कॅननचा 2011चा 600डी किंवा निकॉनचा 2013चा डी5300 आजही उत्तम काम देतो. दोघांचाही पडदा बाहेर काढून फिरवता येतो, त्यामुळे डोक्यावरच्या ताऱ्याला फोकस करताना जमिनीवर लोळावं लागत नाही. निकॉनमध्ये ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेण्याची सोय आहे, कॅननला वेगळा टायमर रिमोट जोडावा लागतो. लाइव्ह व्ह्यू नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तारा पडद्यावर दहापट मोठा करून पाहिल्याशिवाय नेमका फोकस होत नाही. कॅननच्या हौशी मालिकेत ही सोय 450डीपासून आली.

आता मुद्द्याचं बोलतो. या विषयावरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांत तयार झालेले आहेत, आणि आपला सेन्सर तापतो. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेमुळे थोडा विद्युतभार साचत राहतो, आणि तापमान साधारण 6 अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो. म्हणजे 5 अंशांत फोटो काढणाऱ्या युरोपातल्या माणसाच्या तुलनेत कोकणातल्या 23 अंशांच्या रात्री आपल्या कॅमेऱ्यात तो आठपट साचतो. त्यातून येणारी खरखर वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तिकडे कौतुक झालेला कॅमेरा इकडे एप्रिल-मेमध्ये रडवतो तो यामुळे. सेन्सर थंड ठेवणारे खास खगोल-कॅमेरे मिळतात, पण ते या बजेटच्या फार पलीकडे आहेत.

म्हणून जुना कॅमेरा अंधारात पारखून घ्यायचा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही ओळखीच्या दुकानात जा, आणि विक्रेत्याला आधीच सांगा की दहा मिनिटं लागतील. कॅमेऱ्याला झाकण लावा. मॅन्युअल मोड, रॉ फाइल, आयएसओ 1600, एक्स्पोजर 30 सेकंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मेनूत जाऊन बंद करा, नाहीतर कॅमेरा दोष स्वतःच पुसून तुमच्यापुढे ठेवेल. डोळा लावायची खिडकी हाताने झाका, तिथूनही उजेड शिरू शकतो. असे पाच-सहा फोटो लागोपाठ घ्या आणि पहिला व शेवटचा शेजारी शेजारी मोठे करून पाहा.

लाल-निळे ठिपके दिसतील, त्यांना घाबरू नका. ते प्रत्येक फोटोत त्याच जागी असतात, त्यामुळे वजा करता येतात. त्यासाठीच आकाशाचे फोटो काढून झाल्यावर त्याच जागी, त्याच तापमानात, झाकण लावून तितक्याच सेकंदांच्या डार्क फ्रेम घ्यायच्या असतात. शेवटच्या फोटोत एखाद्या कडेला जांभळट उजेड चढलेला दिसला तर किंमत पाडून मागा. पण आडवे-उभे पट्टे दिसले, आणि ते दर फोटोत जागा बदलत असले, तर कॅमेरा परत द्या. अशा पट्ट्यांवर डार्क फ्रेमचा इलाज चालत नाही.

सोबत लेन्स घेत असाल तर तिच्या मागून टॉर्च मारून बघा. आपल्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे धरतात. ती साफ करून घेण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीवर जातो.

मृगातला तेजोमेघ लालभडक का येत नाही, अशी तक्रार पुढे होते. त्यातल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश 656 नॅनोमीटरचा असतो आणि नेहमीच्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्याचा फार थोडा भाग आत सोडतो. तो फिल्टर काढून देणारे कारागीर आहेत, पण पहिल्या वर्षी तो खर्च करू नका, असं मी आग्रहाने सांगतो. देवयानी, कृत्तिका, नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ, यांना त्या फिल्टरचा काही जाच होत नाही. आणि ओमेगा सेंटॉरी तर युरोपच्या बहुतांश भागातून दिसतच नाही, तो आपल्याला घरबसल्या मिळालेला आहे.

दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास, शहरापासून लांब, रात्री दहा-अकराच्या सुमारास देवयानी उत्तरेकडे चांगली उंचावर असते. 50 मिलिमीटरची एफ/1.8 लेन्स एफ/2.8 वर आणा, कॅमेरा साध्या तिपाईवर घट्ट बसवा. 500 भागिले नाभीय अंतर हा जुना नियम, फुल-फ्रेमपेक्षा लहान अशा या सेन्सरचा क्रॉपही हिशेबात धरला तर, सुमारे 6 सेकंद देतो, पण आजच्या बारीक पिक्सेलवर तेवढ्यात तारे लांबतात, म्हणून मी निम्मे, 3 सेकंद धरतो. असे 400 फोटो घ्या. सगळं मिळून 20 मिनिटांचा प्रकाश होतो, आणि एका फोटोच्या मानाने खरखर 20 पटींनी दबते. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर हे रचण्याचं काम फुकट करून देतात. 600डीवर ही दीर्घिका सुमारे 600 पिक्सेल लांब येते, आणि मधल्या तेजस्वी गाभ्याभोवतीचा लंबगोल पसाराही उमटतो. यानंतर हातात पैसे आले तर दुसरा कॅमेरा घेऊ नका, पृथ्वीच्या फिरण्याबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घ्या. 3 सेकंदांचं एक्स्पोजर 60 सेकंदांवर गेलं की हाच जुना कॅमेरा तुम्हाला त्या दीर्घिकेतले धुळीचे पट्टेही दाखवू लागेल.