अंगठ्याखालची हाक

पितळी कुलपाच्या किल्लीला कुलूप समोर नसेल तर काहीच करता येत नसे. कमरेला खोचा, कोनाड्यात ठेवा, उशाखाली घेऊन झोपा, ती गप्प. तिचे दात कुलपाच्या पोटात शिरले आणि मनगट फिरलं, की मगच काही घडायचं. गाडीची किल्लीही पुष्कळ वर्षं अशीच होती. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या रेनोच्या फुएगो गाडीला दुरून दार उघडणारी किल्ली मिळाली. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश निघायचा, म्हणून ती गाडीकडे रोखून धरावी लागे. पुढे प्रकाशाच्या जागी रेडिओलहरी आल्या आणि तीही गरज सरली. आता किल्ली खिशात असो, पर्सच्या तळाशी असो, नाहीतर भिंतीपलीकडच्या खोलीत, तिचं बोलणं गाडीला ऐकू जातं.

हे बोलणं मला फार देखणं वाटतं. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा फार मोठा नसलेला, तीन व्होल्टचा एक चपटा सेल. त्याच्या जोरावर किल्ली भारतात आणि युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलते, अमेरिकेत बहुतेक वेळा ३१५वर. बोलते ते इतकं थोडकं की आपला श्वास आत जाऊन बाहेर येण्याआधीच संपतं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली कीलॉक नावाची पद्धत अनेक गाड्यांनी वापरली. तिच्यातल्या एका संदेशात सहासष्ट बिट असतात. बत्तीस बिटांचा सांकेतिक भाग दर वेळी बदलतो, म्हणजे चोराने काल ऐकून ठेवलेला शब्द आज चालू नये. अठ्ठावीस बिट किल्लीचा स्वतःचा क्रमांक सांगतात. एक बिट सांगतो की माझा सेल उतरत चालला आहे. आणि कोणतं बटण दाबलं गेलं, हे सांगायला फक्त चार बिट. दार उघड, दार लाव, डिकी उघड, आणि 'मला वाचवा': या चार वाक्यांत फरक काय तो एवढाच.

याच पद्धतीतली आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. लहान मुलाच्या हाती किल्ली लागली आणि गाडीपासून दूर बसून त्याने बटण पुष्कळदा दाबलं, तर किल्लीचा आकडा पुढे निघून जातो आणि गाडीचा मागे राहतो. आकडा सोळा पावलांच्या आत असेल तर गाडी समजून घेते. त्याहून पुढे गेला असेल तर पहिल्या हाकेला ती ओ देत नाही. लगेच पाठोपाठ दुसरी, तिच्या पुढच्याच आकड्याची हाक आली, तर मात्र तिला पटतं की ही आपलीच किल्ली आहे. खरी हाक कोणती आणि भलती कोणती, याचा इतका बारीक विचार कुणीतरी बसून केला आहे. दारासाठी केला आहे. 'मला वाचवा' म्हणत गाडीचा हॉर्न वाजवणाऱ्या लाल बटणाच्या वाट्याला मात्र तो पुरेसा आला नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

हे लाल बटण अमेरिकेचं. युरोपातल्या गाड्यांच्या किल्ल्यांवर ते सहसा नसतं. अमेरिकेत राहिल्याशिवाय ते का आलं हे नीट उमगत नाही, असं मला न्यू जर्सीत इतकी वर्षं काढल्यावर वाटतं. इथे दुकान, दवाखाना, कॉलेज, स्टेशन, सगळ्यांभोवती गाड्या लावायची मैदानं पसरलेली असतात. दिवसा ती नुसती रुक्ष दिसतात. रात्री अकराला शेवटच्या रांगेतल्या गाडीपर्यंत एकटीने चालत जायचं तर ते अंतर वेगळंच होतं. आमच्या शेजारची मुलगी मूळची कोल्हापूरची, इथे एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीची नर्स आहे. ती पार्किंगमध्ये शिरली की किल्ली मुठीत घेते आणि अंगठा लाल बटणावर ठेवते. दाबत नाही, नुसता ठेवते. इथे पुष्कळ बायकांना कुणी ना कुणी हे शिकवलेलं असतं. झोपताना गाडीची किल्ली उशाशी ठेवा, घरात कुणी घुसलं तर ते बटण दाबा, म्हणजे दारातली गाडी गल्ली जागी करेल, असाही सल्ला कित्येक वर्षं एकीकडून दुसरीकडे जात आला आहे.

हे बटण चेष्टेचा विषय नाही, ते याच कारणासाठी. ते ज्या रात्रीसाठी केलं आहे, ती रात्र कुणाच्या तरी आयुष्यात खरोखर येते.

पण रोजच्या जगण्यात हे बटण दाबलं जातं ते दुसऱ्याच कारणांनी. जानेवारीतल्या थंडीत जाड हातमोजा घालून दार उघडायला जावं, तर अंगठ्याखाली दोन बटणं एकदम येतात. किराण्याच्या पिशव्या उचलायला वाकावं, तर कोटाच्या खिशातली किल्ली मांडी आणि पोट यांच्यामध्ये दाबली जाते. बाळाला कडेवर घ्यावं, तर त्याची टाच नेमकी तिथे लागते. मग हेडलाइट उघडमीट करू लागतात आणि हॉर्न सुरू होतो. हॉर्न म्हणजे आत विजेच्या चुंबकाने सेकंदाला काही शे वेळा थरथरवलेला एक पोलादी पडदा. रस्त्यावर आपण तो क्षणभरच ऐकतो. इथे तो थांबून थांबून, एकाच पट्टीत वाजत राहतो आणि किल्ली कुठल्या खिशात आहे ते काही केल्या सापडत नाही. काही गाड्यांत बटणाला एकदा बोट लागलं तरी पुरतं, काहींत दोनदा दाबावं लागतं, काहींत थोडा वेळ धरून ठेवावं लागतं. घरात दोन गाड्या असल्या तर दोघींच्या तऱ्हा दोन.

बटण लाल का, तर धोक्याचा रंग लाल म्हणून. पण लाल हा डोळ्यांचा इशारा आहे आणि किल्ली हे बोटांनी ओळखायचं यंत्र आहे. पर्सच्या तळाशी, खिशाच्या अंधारात, बोटाला रंग कसा कळणार? त्याला कळतो आकार, कळते कड, खळगा, उंचवटा. टेलिफोनच्या पाचाच्या आकड्यावरचा बारीकसा उंचवटा अंध माणसालाही सगळे आकडे शोधून देतो. गाड्यांच्या किल्ल्यांवर मात्र अनेकदा चारही बटणं एकाच रबराची, एकाच मापाची, एका खाली एक.

ही चूक जुनी आहे आणि तिचं उत्तरही जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकन बाँबफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप धावपट्टीवर उतरत आणि मग, पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी, चाकंच आत ओढून घेत. विमान पोटावर आपटे. वैमानिक दमलेले असतात, बेसावध असतात, असं म्हणून हा विषय मिटवता आला असता. १९४३मध्ये अल्फोन्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये नीट पाहिलं. चाकांचा खटका आणि झडपांचा खटका शेजारी शेजारी होते आणि हाताला अगदी सारखे लागत होते. त्याने चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक बसवलं, झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. न बघताही हाताला कळू लागलं, आणि ती चूक होईनाशी झाली. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांडीच्या टोकाला चाकाचाच आकार असतो, तसा नियम आहे. माणसाला दोष न देता खटक्याला आकार देणाऱ्या त्या विचाराबद्दल मला मनापासून आदर आहे. किल्ली घडवणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर ते रबरी चाक असायला हवं.

चुकून वाजणाऱ्या हॉर्नचं एक मोठं नुकसान मात्र मोजता येत नाही, ते ऐकणाऱ्यांचं होतं. पार्किंगमध्ये हॉर्न ठणाणा करू लागला की इथे कुणाची मान वळत नाही. वळलीच तर नजर संकटात सापडलेल्या माणसाला शोधत नाही, खिसे चाचपणाऱ्या माणसाला शोधते. मदतीची हाक आपण गैरसोयीचा आवाज म्हणून ऐकायला शिकलो आहोत. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या मुलाने निदान जाणूनबुजून खोटं सांगितलं होतं. इथे कुणीच खोटं बोललेलं नाही, तरी आरोळीवरचा विश्वास उडाला. त्यात भर अशी की, भल्या मोठ्या पार्किंगमध्ये आपली गाडी नेमकी कुठे लावली हे आठवेना झालं तर लोक हेच बटण दाबून ती शोधतात. मग त्या आवाजाचा अर्थ आणखी पातळ होतो.

हे मला लख्ख कळलं ते सांगलीहून लेकीकडे आलेल्या एका आईंमुळे. इथल्या एडिसन गावातल्या ओक ट्री रोडवर वाण्याच्या दुकानाबाहेर आम्ही तिघी उभ्या होतो आणि दोन रांगा पलीकडे एक गाडी ओरडू लागली. आईंनी चटकन तिकडे पाहिलं.

"अगं, काय झालं तिला? बघायला नको का?"

"आई, काही नाही गं. चुकून बटण दाबलं गेलं असेल."

"चुकून आहे की खरं आहे, ते तुला इथूनच कसं कळतं?"

लेकीने उत्तर द्यायच्या आत आई चालू लागल्या होत्या. गाडीजवळ एक तरुण बाई दोन्ही हातांत पिशव्या आणि खांद्यावरून घसरणारी पर्स सावरत उभी होती. आईंना इंग्रजी जेमतेम. त्यांनी नुसता हात पुढे करून एक पिशवी घेतली, बाईने मोकळ्या हाताने किल्ली शोधली आणि आवाज थांबला. ती बाई दोनतीनदा सॉरी म्हणाली. मग आईंच्या चेहऱ्याकडे पाहून थँक्यू म्हणाली. इतक्या वर्षांत त्या आवाजाकडे चालत जाणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आपल्याकडे रेल्वेच्या डब्यातली साखळीही हाकच आहे. ती खिडकीच्या वर असते, हात उंच करावा लागतो, नीट जोर लावून ओढावी लागते. झोपेत नुसतं कोपर लागून गाडी थांबत नाही. ओढली की ब्रेकच्या नळीतली हवा निसटते, इंजिनात दाब उतरलेला दिसतो, आणि मग गार्ड किंवा दुसरा कुणी रेल्वेचा माणूस डबा शोधत येतो. विनाकारण ओढणाऱ्याला १९८९च्या रेल्वे कायद्याच्या १४१व्या कलमाखाली कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दंडापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे की साखळीच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे, आणि यायचं हे त्याचं कामच आहे. किल्लीच्या दुसऱ्या टोकाला नुसता हॉर्न आहे.

मोबाइलमध्ये हे दुसरं टोक सापडलं. दिल्लीत २०१२ साली चालत्या बसमध्ये एका तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर प्रवासातल्या बायकांच्या सुरक्षेवर देशभर बोललं गेलं, आणि २०१६च्या नियमांनी भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण सक्तीचं केलं: साध्या फोनवर पाच किंवा नऊ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर चालू-बंद करायचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. पण चुकून दाबलं जाण्याचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. ब्रिटनमध्ये २०२३ साली अँड्रॉइड फोनच्या कडेचं बटण पाचदा दाबलं गेलं की थेट ९९९ला फोन लागू लागला, आणि खिशातूनच लागलेल्या मुक्या फोनांनी पोलिसांचे कक्ष भरून गेले. पोलिसांनी लोकांना सांगितलं, असा फोन लागला तर कापू नका, थांबा आणि चुकून लागला असं सांगा. कापलात तर तुम्ही ठीक आहात ना हे पाहण्यासाठी आम्हाला उलट फोन करावा लागतो. सांगलीच्या आईंचा प्रश्न तिथे कुणीतरी नोकरी म्हणून विचारत बसलं होतं.

गाडीची किल्लीही आता फोनमध्ये शिरते आहे. फोनच्या काचेवर काढलेल्या बटणाला ना कड असते ना खळगा, तेव्हा जे सुधारायचं ते लवकर सुधारायला हवं. लाल बटण बाकीच्यांच्या रांगेत नसावं, पाठीमागे खळग्यात असावं, आणि त्याचा आकार बोटाला अनोळखी लागावा. काही किल्ल्यांवर ते कडेला असतं, तेवढंही पुष्कळ. घाबरलेलं माणूस मूठ आवळतं, ती सोडत नाही. खिशातला धक्का बहुधा क्षणाचा असतो. म्हणून बटण धरून ठेवावं लागावं, आणि हॉर्नच्या आधी किल्ली हातात थरथरावी, म्हणजे जिचं चुकून दाबलं गेलं तिला आवाजाआधीच कळेल.

किती वेळ धरायचं, हे मी शेजारच्या नर्सला विचारलं. तिने किल्ली हातात घेतली, मुठीत वळवून पाहिली, हातमोजा घालून पुन्हा पाहिली. म्हणाली, "एक सेकंद चालेल, ताई. दोन नको. आणि मागे ठेवा म्हणावं, पण मोज्यातूनही सापडेल असं."